डेरिक परेराचे क्लब कुठे गेले?

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमीलला भारतीय फुटबॉल टीमचा कोच नेमलं, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या फुटबॉल ग्रुपवर दिवसभर विनोदांचा पाऊस पडत होता. "आता काय, लाँग बॉल मारा आणि देवाचा धावा करा", "गोरा कोच परवडत नसेल", वगैरे वगैरे. सप्टेंबरमध्ये त्याच टीमने ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर काढला, तेव्हा ग्रुप चिडीचूप. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो, २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं, आणि त्या रात्री ग्रुप पुन्हा जिवंत. निष्कर्ष आधीच ठरलेला होता: इंडियन कोचला टॅक्टिक्स कळत नाही.

हा निष्कर्ष काढणारी मंडळी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. शनिवारी रात्री आर्सेनल नाहीतर लिव्हरपूलची जर्सी घालून स्क्रीनसमोर बसणार, 'लो ब्लॉक' आणि 'हाय प्रेस' या शब्दांशिवाय वाक्य पुरं करणार नाही, आणि आपल्या शहरातल्या क्लबचं नाव विचारलं की खांदे उडवणार. बरोबरच आहे म्हणा. नाव सांगायला क्लब शिल्लक तर हवा!

माझं म्हणणं सरळ आहे. कोच काही आकाशातून पडत नाही. कोच क्लबमध्ये घडतो, एकाच जागी टिकून घडतो, आणि ती जागाच आपण टिकू देत नाही. २०१० पासून महाराष्ट्रात फुटबॉल क्लब ज्या सहजतेने बंद झाले, त्या सहजतेने आपण जिमची मेंबरशिपसुद्धा बंद करत नाही. आणि मग ज्याच्या पायाखालची जमीन तीन-तीनदा काढून घेतली, त्यालाच विचारायचं, तू उंच का नाही झालास?

कोण हा माणूस? डेरिक परेरा.

परेरा गोव्याचा. साळगावकरचा डिफेंडर, भारताकडूनही खेळलेला. ज्यांना गोव्याचं फुटबॉल फक्त आयएसएलमुळे ठाऊक आहे त्यांच्यासाठी: साळगावकर हा वास्कोचा क्लब, १९८८ साली फेडरेशन कप जिंकणारा गोव्यातला पहिला, आणि पुढच्याच वर्षी तो कप राखणारा. त्याआधी मोठ्या ट्रॉफ्या म्हणजे बहुतकरून कोलकात्याचा घरचा माल. ती मक्तेदारी मोडणाऱ्या गोव्याच्या पिढीतला हा माणूस.

डिफेंडर चांगला कोच का होतो, याला माझ्या मते फारसं गूढ काही नाही. फॉरवर्ड बराच वेळ गोलकडे पाठ करून बॉलची वाट बघत असतो. डिफेंडरच्या डोळ्यांसमोर अख्खा खेळ मांडलेला असतो. कोण जागा सोडतोय, कोण दमलाय, कुठे भोक पडणार आहे, हे त्याला गोल व्हायच्या आधी दिसावं लागतं, नाहीतर त्याची नोकरी जाते. शिवाय त्याला बोलावं लागतं. नव्वद मिनिटं दुसऱ्यांना जागेवर ठेवायचं, ओरडायचं, समजावायचं. म्हणजे कोचिंगची उमेदवारी त्याची खेळतानाच चालू असते. आपल्याकडे टेस्टिंगमध्ये दहा वर्षं घालवलेला माणूस आर्किटेक्चरच्या मीटिंगमध्ये एका वाक्यात सगळ्यांना गप्प करतो, तसंच काहीसं. कुठे काय मोडतं ते त्याने बघितलेलं असतं.

तर हा डिफेंडर कोच झाला आणि मुंबईत महिंद्र युनायटेडला आला. मूळचा महिंद्र अँड महिंद्रचा, १९६२ साली सुरू झालेला हा कंपनीचा क्लब. घरचं मैदान कूपरेज, मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. २००५-०६ च्या सीझनमध्ये परेराच्या महिंद्रने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. फेडरेशन कपही त्याच सीझनला. बारेटो आणि याकुबू पुढे, कडेने आपला मुंबईचा स्टीव्हन डायस, आणि बाकावर परेरा.

या विजेतेपदाचं वजन कळायला जरा यादी बघा. नॅशनल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. त्या अकरा सीझनमध्ये जेसीटी, मोहन बागान, ईस्ट बंगाल, साळगावकर, धेंपो आणि महिंद्र एवढेच विजेते. म्हणजे बंगाल, गोवा, पंजाब आणि एकदाच महाराष्ट्र. पुढे आय-लीगच्या काळातही महाराष्ट्राच्या वाट्याला विजेतेपद आलं नाही. देशाची अव्वल लीग पुन्हा मुंबईत यायला मुंबई सिटीचा २०२०-२१ चा सीझन उजाडावा लागला. मधली पंधरा वर्षं आपल्या राज्याकडे दाखवायला होता तो परेराचा एक सीझन.

आणि त्या क्लबचं काय झालं? २००९-१० चा सीझन संपला आणि कंपनीने टीम बंद केली. अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब. देशाचं विजेतेपद मिळवून जेमतेम चार वर्षं झालेली. आता आम्ही मुलांच्या, शाळांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं कारण सांगण्यात आलं. वाचायला किती छान ना? पण जरा विचार करा. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुंबईच्या पोराने मोठेपणी खेळायचं कुठे? शिडीची खालची पायरी रंगवायची म्हणून वरची करवतीने कापून टाकायची, अशातला हा प्रकार.

तोवर परेरा पुण्यात होता. पुणे एफसी २००७ साली सुरू झालेला, पिरामल समूहाचा क्लब, बालेवाडीला खेळायचा. २००९-१० मध्ये पहिल्यांदा आय-लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये आला आणि परेराच्या हाताखाली थेट तिसरा. पहिल्याच सीझनला! २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. कोलकात्याचे दोन्ही दिग्गज त्या सीझनला पुण्याच्या खाली होते. ज्या शहरात तोवर क्लब फुटबॉलची ओळख म्हणजे स्थानिक लीगचे सामने, त्या शहराचा क्लब सहा वर्षांत देशात दुसरा. शिवाय त्याची अकादमी देशातल्या चांगल्यांमध्ये गणली जायची. हे असं बांधकाम एका वर्षात होत नाही. कोणीतरी माणूस चार वर्षं रोज सकाळी मैदानावर उभा राहतो तेव्हा ते होतं.

पुढे? २०१४-१५ च्या सीझननंतर पुणे एफसी आय-लीगमध्ये दिसलाच नाही. अकादमी आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीने घेतली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. २०२५ मध्ये त्याचंही बिऱ्हाड दिल्लीला हललं, नवीन नाव लावून. घराणं म्हणावं की भाडेकरू?

परेरा तोपर्यंत पुन्हा आपल्या साळगावकरकडे जाऊन आला होता, कोच म्हणून. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. आयएसएल वर आणि आय-लीग खाली असा फेडरेशनचा आराखडा होता, त्याचा निषेध म्हणून. साळगावकर गोव्यात खेळत राहिला, धेंपो बऱ्याच वर्षांनी आय-लीगमध्ये परत आला. पण ज्या राष्ट्रीय लीगने गोव्याचे कोच घडवले, तिच्यात गोव्याचा आवाज क्षीण झाला तो झालाच.

मधल्या काळात परेरा पुण्याला परत आला होता, डीएसके शिवाजियन्सचा कोच म्हणून. ही टीम २०१५-१६ ला आय-लीगमध्ये आली. लिव्हरपूलच्या नावाची अकादमी, चकाचक फोटो, मोठ्या घोषणा. २०१७ मध्ये तीही संपली.

आता गोळाबेरीज करू. महिंद्र युनायटेड: बंद. पुणे एफसी: बंद. डीएसके शिवाजियन्स: बंद. महाराष्ट्रातल्या ज्या ज्या क्लबाच्या बाकावर हा माणूस बसला, त्या प्रत्येक क्लबाला कुलूप लागलं. आणि क्लब बुडाले ते परेराच्या हरण्याने नव्हे. एक देशात पहिला आला होता, एक दुसरा.

"एका माणसाचं दुर्दैव" म्हणून सोडून देऊ नका. २००९-१० च्या आय-लीगमध्ये चौदा टीम होत्या. त्यातल्या चार महाराष्ट्राच्या: महिंद्र युनायटेड, मुंबई एफसी, एअर इंडिया, पुणे एफसी. चौदात चार! महिंद्र २०१० मध्ये गेला. एअर इंडियाला (आणि मुंबईच्याच ओएनजीसीला) २०१३ मध्ये क्लब लायसन्सिंगच्या अटी पुऱ्या करत नाहीत म्हणून लीगबाहेर काढलं. पुणे एफसीचं वर सांगितलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला राहून खाली गेला आणि संपला. चारातला एकही आज आय-लीगमध्ये नाही, आयएसएलमध्येही नाही. एकट्या पुण्याचं बघायचं तर पुणे एफसी, भारत एफसी (हा तर एकाच सीझनचा पाहुणा, २०१४-१५), डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी. बारा वर्षांत चार क्लब आले आणि गेले. याला फुटबॉल संस्कृती म्हणत नाहीत, याला एक्झिबिशनचे स्टॉल म्हणतात.

आणि ज्याच्यावर ग्रुपवर विनोद चालले होते त्या खालिद जमीलचं बघा. मिडफिल्डर म्हणून महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी कारकीर्द आटपल्यावर मुंबई एफसीचा कोच झाला. तुटपुंज्या बजेटमध्ये सात सीझन त्याने ती टीम वरच्या डिव्हिजनमध्ये टिकवून ठेवली. २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं. तो ऐजॉलला गेला. ऐजॉल खरं तर आदल्या सीझनला रेलिगेट झाला होता, पण गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे जागा झाली म्हणून त्याला परत घेतलं. त्या टीमला घेऊन खालिदने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. आणि त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटचा. बॉलिवूडवाल्यांनी ही पटकथा "जरा जास्तच होतंय" म्हणून परत केली असती.

असो. आता मूळ मुद्दा. क्लब बंद होतो तेव्हा नेमकं काय बंद होतं?

जर्सी आणि बस या किरकोळ गोष्टी. खेळाडूही एकवेळ दुसरीकडे सही करतो. जातं ते साठलेलं ज्ञान. अमुक मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षी डाव्या पायाला घाबरायचा, त्याला कसं बाहेर काढलं. कूपरेजवर पाऊस पडला की बॉल कुठे अडतो. कोणत्या स्काउटचा शब्द डोळे मिटून घ्यायचा आणि कोणाचा नाही. फिजिओच्या वह्या, जुन्या मॅचेसच्या टेप्स, ज्युनियर कोचला सीनियर कोचने चहा पिता पिता सांगितलेल्या गोष्टी. आपण आयटीवाले एखादा रिसोर्स दुसऱ्या प्रोजेक्टला जाणार म्हटलं तर तीन आठवड्यांचं केटी लावतो, डॉक्युमेंट लिहून घेतो, सही घेतो. इथे अठ्ठेचाळीस वर्षांचा कोडबेस डिलीट झाला आणि कोणी बॅकअप घेतला का, हेसुद्धा विचारलं नाही.

मी भिवंडीचा, निजामपुऱ्यातला. आमच्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर नावाचा इसम असतो. माग बिघडला, धोटा अडकायला लागला, कापडात सारखा दोष यायला लागला की त्याला हाक मारतात. हा बहुतेक वेळा आधी स्वतः मागावर बारा-बारा तास उभा राहिलेला कामगार. शंभर मागांच्या खडखडाटात उभा राहून तो नुसत्या आवाजावरून सांगतो की तिसऱ्या रांगेतल्या मागाला थोड्या वेळात काहीतरी होणार. मंदी आली तसे निजामपुऱ्यातच काय, अख्ख्या भिवंडीत लोकांनी माग भंगारात काढले, वजनावर. लोखंडाला किलोमागे भाव मिळतो. शेडला भाडं मिळतं, तिथे गोडाऊन होतं. जॉबरच्या कानाला कोण किती भाव देतो? तो कान मागाबरोबरच कामाचा होता. माग गेला, आता तो कान म्हणजे नुसता कान.

डिफेंडरचा कोच झालेला माणूस म्हणजे फुटबॉलमधला जॉबर. क्लब भंगारात काढलात की त्याचं कसब कुठे ठेवणार?

आता थोडं ऑस्ट्रियाला जाऊन येऊ, कारण 'मोठा कोच' म्हणजे काय हे आपल्याला युरोपातलंच उदाहरण दिल्याशिवाय पटत नाही. एर्न्स्ट हापेल. जन्म १९२५, व्हिएन्ना. रॅपिड व्हिएन्नाचा डिफेंडर, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियाच्या जबरदस्त टीममधला, १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये तिसरा आलेली ती टीम. १९५६ मध्ये रेआल माद्रिदला एकाच मॅचमध्ये तीन गोल मारणारा डिफेंडर! मग कोच झाला. १९६२ मध्ये हॉलंडमध्ये द हेगच्या आडोला गेला. हा काही फार मोठा क्लब नव्हे. तिथे किती वर्षं राहिला? सात. सात वर्षांनी फेयेनूर्द, आणि १९७० मध्ये सेल्टिकला हरवून युरोपियन कप. मग ब्रुगे, लागोपाठ तीन बेल्जियन लीग. १९७८ मध्ये हॉलंडला वर्ल्डकपच्या फायनलपर्यंत नेलं. मग हॅम्बुर्गमध्ये सहा वर्षं, १९८३ मध्ये युव्हेंटसला हरवून दुसरा युरोपियन कप. दोन वेगवेगळ्या क्लबांना युरोपियन कप मिळवून देणारा तो पहिला कोच. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाचा कोच असतानाच गेला आणि व्हिएन्नाच्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं.

मी परेराला हापेलच्या रांगेत बसवत नाहीये, उगाच भांडायला येऊ नका. मी बघतोय तो त्या द हेगच्या सात वर्षांकडे. हापेल एका रात्रीत हापेल झाला नाही. मधल्या दर्जाच्या क्लबात सात वर्षं चुकत, शिकत, आपली पद्धत घासत बसायला त्याला जागा मिळाली. आणि तो निघून गेल्यावरही क्लब जागेवर राहिले. आडो, फेयेनूर्द, ब्रुगे, हॅम्बुर्ग सगळे आजही खेळतायत. हॅम्बुर्ग २०१८ मध्ये खालच्या डिव्हिजनला गेला, सात वर्षं तिथे धडपडला आणि २०२५ मध्ये वर आला. खाली गेला म्हणून कोणी दुकानाला टाळं लावलं नाही.

गंमत पुढेच आहे. हापेलच्या क्लबांपैकी एक मात्र खरंच संपला. इन्सब्रुकचा स्वारोव्स्की टिरोल, ज्याला त्याने १९८९ आणि १९९० मध्ये ऑस्ट्रियाची लीग जिंकून दिली. नावावरून ओळखलंच असेल, हा कंपनीने उभा केलेला क्लब. १९८६ मध्ये उभा राहिला, १९९२ मध्ये संपला. म्हणजे हा रोग काही मराठी मातीचा नाही. क्लब कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ असेल तर तो ऑस्ट्रियातही मरतो. फरक एवढाच की तिथे आजूबाजूला गावाचे क्लब उभे असतात, आपल्याकडे ती ओळ हाच सगळा ताळेबंद.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. एकेक घेऊ.

"कंपनी म्हणजे काय धर्मादाय संस्था आहे? तोटा होत असेल तर बंद करणारच." बरोबर, करा बंद. पण बंद करायची काही रीत असते की नाही? आपण एखादं जुनं सॉफ्टवेअर बंद करताना दोन-दोन वर्षं आधी कस्टमरला कळवतो. हजार लोक वापरत असलेल्या मोड्युललासुद्धा 'एंड ऑफ लाइफ'ची तारीख असते, मायग्रेशनचा प्लॅन असतो. आणि चाळीस-पन्नास पोरांचं, दहा कोचेसचं आयुष्य ज्यावर उभं आहे तो क्लब एका प्रेस रिलीजमध्ये संपतो. तोट्याची तक्रार नाहीये माझी. निष्काळजीपणाची आहे.

"लोकच येत नाहीत मॅचला." कुठे येत नाहीत? कोल्हापूरला जाऊन या एकदा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांच्या मॅचेसना गर्दी बघा. भरउन्हात माणसं बसलेली असतात. या टीम कंपन्यांच्या नाहीत, तालमींच्या आहेत, पेठांच्या आहेत. दादागिरी आहे, राडे होतात, मैदानाची बोंब आहे, सगळं मान्य. पण तिथे क्लब मरत नाही, कारण त्याचा मालक गल्लीत राहतो. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. लोक येत नाहीत ते ज्याला नाव, गाव आणि उद्याचा भरवसा नाही अशा टीमला. दर तीन वर्षांनी नाव बदलणाऱ्या टीमवर जीव कोण लावणार? कोलकात्याचे मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) कितीही भांडले, बुडाले, स्पॉन्सर बदलले, तरी मेंबरांच्या जिवावर उभे आहेत.

"इंडियन कोच कमीच पडतात, आकडे बघा." बघू ना आकडे. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली. पूर्णवेळ हेड कोच म्हणून पहिला भारतीय माणूस नेमला गेला २०२१ मध्ये: नॉर्थईस्ट युनायटेडचा खालिद जमील, तोही आधी हंगामी म्हणून टीमला प्लेऑफमध्ये नेऊन दाखवल्यावर. सात वर्षं हंगामी चिकटपट्टी लावायला भारतीय माणूस चालायचा, नवीन सीझनचा प्लॅन करायला नाही. परेराचंच घ्या. तो एफसी गोवामध्ये होता, असिस्टंट, टेक्निकल डायरेक्टर अशा जागांवर. २०१९ मध्ये भारताच्या अंडर-२३ टीमचा कोचही होता. एफसी गोवाचा हेड कोच तो कधी झाला? डिसेंबर २०२१ मध्ये, सीझन चालू असताना स्पॅनिश कोच फेरांडो एटीके मोहन बागानला निघून गेला तेव्हा. टीम दुसऱ्याने निवडलेली, तयारी दुसऱ्याने केलेली, बायोबबलमधला सीझन, आणि शेवटी नववा नंबर. लगेच आपले एक्स्पर्ट तयार: बघा, म्हटलं नव्हतं?

दुसऱ्याने अर्धा लिहिलेला कोड रिलीजच्या आदल्या महिन्यात तुमच्या गळ्यात मारला आणि बग निघाल्यावर अप्रेझल तुमचं कापलं, तर तुम्ही किती आरडाओरडा कराल? तेवढाच न्याय त्या माणसाला द्या, जास्त नको.

आणि संधी मिळाली की काय होतं तेही बघा. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत हेड कोच स्टिमॅकवर बंदी होती. सेमीफायनल आणि फायनलला टचलाइनवर उभा होता असिस्टंट महेश गवळी, पुन्हा गोव्याचा, पुन्हा डिफेंडर. लेबनॉन आणि कुवेत, दोन्ही मॅच पेनल्टीवर गेल्या, दोन्ही जिंकल्या. ट्रॉफी आली. गवळीचं नाव किती हेडलाइनमध्ये वाचलंत?

परदेशी कोच नकोत असं मी म्हणत नाही. यावेत, शिकवावं. पण शिकवतील कोणाला? त्यांच्या हाताखालचा माणूस दर दोन वर्षांनी बेरोजगार होणार असेल तर शिकलेलं राहणार कुठे?

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये करारांच्या घोळात आख्खी आयएसएलच लटकली. डिसेंबर २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. ज्या टीमने महिंद्रनंतर लीग मुंबईत आणली, तिचीच गोष्ट सांगतोय मी. क्लब मूळच्या मालकांकडे गेला, उभा आहे, चांगली गोष्ट आहे. पण धडा तोच: बाहेरचा पैसा येतो तसा जातो, तेव्हा खाली जमीन आहे का ते बघा.

मला काय हवंय? फार नाही. लायसन्स देतानाच फेडरेशनने लिहून घ्यावं की बंद करायचं असेल तर दोन सीझन आधी नोटीस द्यायची. अकादमीतल्या मुलांचा पुढच्या दोन वर्षांचा खर्च पहिल्या दिवशी डिपॉझिट म्हणून ठेवायचा. क्लबचं नाव, रंग, ट्रॉफ्या आणि रेकॉर्ड यांवर पहिला हक्क सभासदांचा. मालकाला नको असेल तर त्यांनी खालच्या लीगमध्ये का होईना, चालवावा. आणि प्रत्येक टीममध्ये एका भारतीय कोचला असिस्टंट म्हणून किमान तीन वर्षांचा करार. यात अणुबॉम्ब बनवण्याइतकं अवघड काही नाही.

आणि आपल्याला, म्हणजे तुम्हा-आम्हा जर्सीवाल्यांना? पहाटे जागून चॅम्पियन्स लीग बघा, मीही बघतो. पण महिन्यातून एक शनिवार आपल्या गावातली मॅच बघा. तिकीट काढून बघा. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात जिथे असाल तिथे. क्लबने मेंबरशिप दिली तर घ्या, देत नसेल तर मागा. कारण पुढच्या वेळी कोणी क्लब बंद करायला निघालं, तेव्हा "आमचा आहे" म्हणणारे पाच हजार लोक समोर उभे असले तर त्याला प्रेस रिलीज लिहिताना जरा जड जाईल. २०१० मध्ये महिंद्रच्या वेळी ते पाच हजार कुठे होते? बहुतेक प्रीमियर लीग बघत होते.

तोपर्यंत एक कृपा करा. इंडियन कोचला टॅक्टिक्स कळत नाही, हे वाक्य टाइप करण्याआधी डेरिक परेराच्या क्लबांची यादी एकदा वाचा. टॅक्टिक्स मैदानावर चालतात. मैदानच गोडाऊनला भाड्याने दिलं तर हापेल आला तरी काय करेल?